मोरीत ओतलेली पुडी

आई, मागच्या रविवारी आम्हा औषध दुकानदारांनी लोकांसाठी ठेवलेल्या बैठकीत गांजाच्या औषधी वापरावर चर्चा होती आणि मलाही पुढं बसवलं होतं. एक डॉक्टर म्हणाले, केमोनंतरची मळमळ काहींना यानं कमी होते, अन्न पोटात टिकतं. दुसरे मानसोपचाराचे. ते म्हणाले, कोवळ्या वयात ओढणाऱ्या काहींचं डोकं कायमचं फिरतं. दोघंही खरंच बोलत होते. मग गंगापूरची एक बाई उठली. "मॅडम, माझ्या आईला कॅन्सर हाय. खाल्लेलं समदं उलटतंय. वैद्यांनी गांजाचं तेल लिहून दिलंय. देऊ का?" मी म्हणाले, "आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला मानसिक आजार असेल तर तेही सांगा. ते हो म्हणाले तर द्या." किती सभ्य उत्तर! तुला मी असं उत्तर दिलं नव्हतं.

गारखेड्यातलं आपलं स्वयंपाकघर. तुझी तिसरी केमो झालेली, डोक्याला रुमाल, ओट्याला धरून उभी आहेस. पिशोरहून मामा येऊन गेलाय. तू पदराच्या गाठीतून गांजाची कागदी पुडी सोडतेस. "मामा म्हणतो, चिमूटभर दुधात उकळून घेतलं की भूक लागती. तू मेडिकलवाली, तूच सांग. घेऊ का?" विचारताना लाजतेस, चोरून चिंच मागणाऱ्या पोरीसारखी. मी पुडी हिसकावते, मोरीत ओतते, वरून तांब्याभर पाणी. "ज्यानं तुझा लाडका खाल्ला तेच पाहिजे तुला? ओक आता."

दादा सतरा वर्षांचा असल्यापासून ओढायचा. त्याच्या गादीखाली सापडलेला गांजा तू परत तिथंच ठेवायचीस, "पोरगं हाय, सोडंल" म्हणत. मग त्याला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. एका दुपारी मी त्याच्याविरुद्ध कुजबुजते म्हणून त्यानं माझा हात पिरगाळून मोडला, आणि तू दवाखान्यात सांगितलंस, "घसरून पडली." घरी आल्यावर मला म्हणालीस, "बाईच्या जातीनं थोडं सोसावं." मी तुझे तेच शब्द मोरीपाशी तुला परत दिले. "सोस आता, बाईची जात आहेस."

तू फक्त म्हणालीस, "बरं. तू शिकलेली हायस." आणि तिथंच वाकून ओकलीस. पोटात काही नव्हतं, पिवळं पाणी पडलं. पाठ चोळायला मी पुढं आले नाही. त्यानंतर तू माझ्याकडं पाणीसुद्धा मागितलं नाहीस, शेजारच्या भाभींना हाक मारायचीस. दोन महिन्यांत संपलीस. अंघोळ घालताना बायका म्हणाल्या, लेकराएवढं वजन राहिलंय. मामानं पुडीचं विचारलं तर मी गांजाबंदीचा कायदा सांगितला, तो मान खाली घालून गेला. दादा अजून मनोरुग्णालयात आहे. भेटायला गेले की विचारतो, "आई जेवली का?" मी "व्हय" म्हणते.

हे तुला लिहिलेले कागद मी तुझ्या फोटोपुढंही ठेवणार नाही, गॅसवर धरीन. त्या चिमटीनं तुला भूक लागली असती की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. पण लागू शकते, हे मी त्याच आठवड्यात वाचलं होतं. पुडी ओतताना मला तुझी काळजी नव्हती, कायद्याची तर नव्हतीच. थोडे दिवस तू उपाशी राहावंस, एवढंच मला हवं होतं.