माळावरचं पाडस

आबा, काल सुप्याच्या माळावर जाऊन आले. चौफुल्यावरून एसटीनं, एकटीच. आता तिथं अभयारण्य आहे, फाटक आहे. आपण मेंढरं पाण्यावर न्यायचो ते तळंही कुंपणाच्या आत गेलंय. गवत मात्र तसंच, गुडघ्याइतकं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं.

त्या वर्षी कुत्र्यांनी हरणी फाडली आणि तिचं पाडस तुम्ही घोंगडीत गुंडाळून पालावर आणलंत. कोकरू मेलेल्या मेंढीचे पाय धरून तुम्ही त्याला पाजताय, आणि आई चुलीपासून ओरडतेय, "कुणाचं प्वार सांभाळताय?" तुम्ही हसता. "दूध तिचं हाय. तिची ना न्हाई, मग तुझी का?" पावसाळाभर ते माझ्यामागं फिरलं. शाळा नाही, शेजार नाही. मला तेवढीच सोबत.

मग एका सकाळी तळ्यापलीकडं हरणं आली. पाडस थबकलं, कान उभारले. मी हाक मारणार, तोच तुमचा हात माझ्या तोंडावर. "गप. हाक मारलीस तर माघारी फिरंल. मग जल्मभर मेंढरूच ऱ्हाईल." ते गेलं. एकदाही वळलं नाही. मी तुमच्याशी बोलायचं सोडलं. तुम्ही समजूत काढली नाहीत, नुसता भाकरीचा पापुद्रा माझ्या ताटात सरकवत राहिलात.

पुढं चराई बंद झाली, मेंढरं विकली. खुटबावला दुसऱ्याच्या उसाला पाणी देता देता तुम्ही गेलात. गेल्या वर्षी आईही गेली. मी शिरूरला असते, कंपनीत पॅकिंगला. तिथं दिवसभर हिंदी कानावर पडते, आणि खोलीवर आल्यावर काहीच नाही.

काल तळ्याकाठी हरणं दिसली. मी हाक मारली नाही. आता अडवायला कोण होतं, तरी नाही मारली.

मावळतीला फाटकावरच्या गार्डनं विचारलं, "ताई, एकट्याच आला व्हता?"

"न्हाई," माझ्या तोंडून गेलं, "आबा हायेत मागं. हळू चालत्यात."

त्यानं फाटक उघडंच ठेवलं. एसटी येईपर्यंत मी रस्त्यावरून बघत होते. तो माळाकडं तोंड करून तुमची वाट बघत उभा होता. जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण आबा, किती वर्षांनी माझ्याशिवाय आणखी कुणीतरी तुमची वाट बघत होतं. मला ते मोडवेना.