दोन हातांमधलं कापड

सोम., १० फेब्रु.
ड्युटीवर गेले. सकाळची वेल्हे–स्वारगेट एसटी. दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांना फोड, त्यामुळे तिकिटाचं मशीन बोट वाकवून पेराने दाबत होते. आमचे ड्रायव्हर शेलार म्हणाले, "तव्यावर हात टेकला काय, बाई?" म्हटलं, नाही, स्कॅनमध्ये भाजलं. हसायला लागले. एकदा त्या मशीनच्या बोगद्यात यांनाच झोपवावं.

शनिवारी भोरला कमरेचा एमआरआय होता. डावा पाय गुडघ्याखाली बधिर, चप्पल पायातून सुटली तरी कळत नाही. पुण्याचे ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणतात, फोटो नीट आल्याशिवाय हात लावणार नाही. आणि फोटो आला अर्धाच. बोटं चटचट करायला लागली तशी पोटावर ठेवलेला, हाक मारायचा रबरी फुगा दाबला. आधी कानात आवाज, "हलू नका." मी फुगा सोडलाच नाही. मग काढलं बाहेर.

मंगळ., ११
सेंटरला फोन केला. पलीकडची मुलगी, "मॅडम, ॲलर्जी असेल. मशीन भाजत नाही." इतकी वर्षं कंडक्टरकी केली, थाप कोण मारतंय ते आवाजावरून कळतं मला.

आई सकाळपासून कोरफड घेऊन मागे. तिनेच मला निघताना सांगितलं होतं, "आत गेल्यावर हात जोडून पड आन् मनात बुद्धं सरणं म्हण." मी तसंच केलं. आता तिला वाटतंय आपल्यामुळे झालं. ओरडले तिच्यावर. तुझं काय चुकलं? तुला कोणी सांगितलं होतं का काही? मग ओरडले म्हणून वाईट वाटलं. कोरफड लावून घेतली गुमान.

गुरु., १३
रजा. पुण्याच्या डॉ.कडे. त्यांनी बोटं उजेडात धरली आणि पहिलाच प्रश्न, "आत हात जोडले होते का?" मी चाटच पडले.

त्यांनी समजावलं ते लिहून ठेवते. मशीनच्या लहरींनी अंगात थोडी वीज फिरते. हातांची टोकं एकमेकांना टेकली की हात, खांदे, छाती मिळून एक वेढा पुरा होतो, आणि जिथं कातडी कातडीला जेमतेम टेकते तिथं ती तापते. उघड्या मांड्यांचंही तेच. उपाय एवढाच: मध्ये कोरडं कापड नाहीतर स्पंजची गादी. हात बाजूला, अंग बोगद्याच्या भिंतीपासून लांब, पायावर पाय नाही. वजन खरं मोजून मशीनला सांगायचं, लहरींचा जोर त्यावरच ठरतो. माझं वजन भोरवाल्यांनी नुसतं बघून टाकलं होतं!

"मग मला कुणी का सांगितलं नाही?"
"सांगायला हवं होतं."

एवढंच बोलले, पण सरळ बोलले. म्हणाले, स्कॅन परत पुण्यात करा हवं तर. म्हटलं, बघते.
एक कापड. माझी बोटं भाजली ती एका कापडापायी. येताना गाडीत डोकं नुसतं तापलेलं.

शनि., १५
भोरला सेंटरात. मालक डॉक्टर भेटले. चहा सांगत होते, नको म्हटलं. बोटं दाखवली.

"हात तुम्ही जोडलेत. आमचा काय दोष?"

मी म्हटलं, मशीनच्या खोलीत शिरताना समोर देवाचा मोठा फोटो तुम्हीच लावलाय. मी त्याच्यासाठी जोडले नाहीत, माझं वेगळं आहे, पण हितं येणारा जो तो हात जोडणारच. भोरचा असो की वेल्ह्याचा, घाबरलेला माणूस उताणा पडला की हात जोडतो. हे तुम्हाला ठाऊक नाही?

"सांगून पेशंट ऐकत नाहीत, बाई."

"दारात उभं राहू नका हे मी प्रत्येक फेरीला सांगते. ऐकत नाहीत. म्हणून मी सांगायचं सोडलंय का?"

मलम देतो म्हणाले. मलम टेबलावर ठेवून आले. बाहेर आल्यावर रडू आलं, रागाचं. कुणी बघितलं नाही.

सोम., १७
शेलारांनी अख्ख्या रूटला सांगितलंय वाटतं. विंझरला चढलेली बाई, "मशीन मानसं भाजतं म्हनं?" नसरापूरला कामथडीचे एक गृहस्थ चढले. बायकोचं डोकं महिनोन्‌महिने दुखतंय, उलट्या होतायत, तिचा स्कॅन ठरलेला. "तुमचं ऐकलं आन् रद्द केला आमी."

मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं! संतापले. भर गाडीत म्हटलं, मशीन वाईट नाही. दोन हातांमध्ये कापड घाला म्हणावं, मांड्यांत घाला, आणि न्या तिला. आजच न्या.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी जाताल का परत?"

गाडीतले सगळे वळून बघायला लागले. शेलार आरशातून.

"जाणार. तिथंच जाणार, त्याच मशीनमध्ये."

बोलून गेले. पुढचं तिकीट कुणाला कुठलं दिलं, आठवत नाही. डेपोत शेलारांना झाप झाप झापलं. म्हणाले, "म्या आपलं काळजीनं सांगितलं." असली काळजी नको.

मंगळ., १८
पुण्यात करता आला असता. पण आता पुण्याला गेले तर कामथडीवाला काय समजायचं ते समजेल, आणि भोरवालेही सुटले. नाही जायचं पुण्याला.

सेंटरला फोन केला. शुक्रवार मिळाला.

संध्याकाळी चटईवर उताणं पडून बघितलं. हात बाजूला टाकले. डोळे मिटून सरणं म्हणायला लागले की हात आपोआप पोटावर येतात आणि जुळतात. परत बाजूला टाकले. परत आले. आई बघत बसलेली.

"आसं हात टाकून कुटं सरणं म्हनत्यात व्हय? लोळल्यावानी दिसतंय."
"मग नको म्हणू?"
"म्हन. पर मला न्हाई पटत." थोड्या वेळानं, "जाऊच नगंस."

आई, पाय जायला लागलाय माझा. काल पायरीवरून पडता पडता वाचले. तिला हे सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

शुक्र., २१
भोर, सेंटरचं बाकडं. आई बरोबर आहे. देवाचा फोटो होता तिथंच, हात जोडू नका अशी पाटी काही लावलेली नाही. टेक्निशियन पोरगा मात्र वेगळा वागला. वजनकाट्यावर उभं केलं. कोरडा गाऊन दिला. मांड्यांमध्ये चादरीची घडी, कोपर आणि भिंत यांच्यात स्पंज, हात बाजूला आणि वरून कापड. फुगा मुठीत. मालक काचेपलीकडे उभे. हे सगळं माझ्या बोलण्यामुळे, पण तसं कुणी म्हणालं नाही. ठीक आहे.

सुरू झालं. ठकठक, घरघर. सरणं हात न जोडता म्हटलं. मध्येच उजवा तळवा गरम वाटला. फुगा दाबला. बाहेर काढलं, हात बघितला, काही नव्हतं. परत आत. परत वाटलं, परत दाबला. परत काही नाही.

मालक आले. "भीतीनं वाटतंय तुम्हाला."
"असेल. भीतीनं वाटलं तरी दाबणार. फुगा त्यासाठीच दिलाय ना?"
"अशानं फोटो कसा निघायचा?"
"जसा निघेल तसा काढा."

अर्धा राहिलाय. मीच म्हटलं, जरा बसू दे, अंग निवू दे, मग येते. म्हणून हे लिहितेय.

कामथडीचे ते गृहस्थ आलेत. बायकोला घेऊन. नंबर लावलेला नाही, नुसतेच बसलेत. बाईनं डोक्याला पदर घट्ट बांधलाय, उजेड सोसत नाही तिला. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग विचारलं, "लई भाजतं का वो, ताई?"

काय सांगू? खोटं सांगवेना. म्हटलं, "मागं भाजलं होतं. आज अजून नाही भाजलं."
"आन् पुन्हा जानार?"

आई म्हणते, चल घरी, राहू दे अर्धाच. तिनं माझं मनगट धरलंय. ऑपरेशन होईल का, पाय राहील का, काहीच ठरलेलं नाही. भीती वाटतेय, चांगलीच वाटतेय. आत्ता नाव पुकारलं. आईचा हात सोडवून घेते. गरम लागलं तर फुगा दाबीन, परत काढायला लावीन, परत जाईन.