होडी चालवणाऱ्याचे नाव

शिनोली,
ता. १४ सप्टेंबर १९५४

चि. भगवंत यास कुंडलिकचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळी अंघोळ आटोपून डोहावर गेलो. तुझ्या कचेरीतल्या साहेबांनी विलायतेस परतताना तुला दिलेली हौसेची होडी पावसाने निम्मी भरली होती. डब्याने पाणी उपसले, फळ्या पुसल्या, पुढच्या टोकाला हळदकुंकू लावले आणि घोड नदीला हात जोडून जरा आत बसलो. पैलतीर गाठायचा नाही, मासे धरायचे नाहीत, नुसते बसण्यासाठी होडी असते, हे पन्नाशीला टेकल्यावर कळले. मन फार निवले.

तेवढ्यात घोडेगावाहून तुझा जलाल सुतार आला. मला उठवून त्याने होडी काठावर घेतली, उलटी केली आणि सांधे ठोकून पाहू लागला. होडी कधी सोडणार, हे गावातली माणसे त्यालाच विचारतात. मला कोणी विचारत नाही. तुम्ही शाळेचे सोबती, ते ठीक. पण याच डोहात तुम्हा दोघांना पोहायला कोणी शिकवले, हेही कोणी तरी ध्यानात ठेवावे.

विम्याचे दोन्ही कागद पोचले. एक नुसत्या होडीचा: बुडाली, फुटली, चोरीस गेली तर. दुसरा मोठा. त्यात बसणाऱ्यांच्या आणि चालवणाऱ्याच्या जिवाची, हातापायांचीही हमी आहे. मात्र चालवणाऱ्याचे नाव लिहावे लागते. तिथे जलालचे नाव घाला, असे तू कळवलेस. होडी माझ्या दारी, नदी माझ्या दारी, आणि नाव घोडेगावचे. असो, तुझी वस्तू, तुझी मर्जी. मला विचारशील तर पहिला कागद पुष्कळ झाला. शिवाय कालपासून पितृपक्ष लागला आहे. या दिवसांत नवा कागद करू नये. सर्वपित्री होऊ दे, मग बघू.

सौ. शीलास आशीर्वाद. मुलांच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

तुझा दादा,
कुंडलिक

•

पुणे,
ता. १७ सप्टेंबर

ती. दादांचे चरणी भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून शीला हसली. म्हणाली, दादांना होडीने लहान मूल केले आहे, आणि मुलाला खेळण्यात वाटेकरी खपत नाही. रागावू नका.

पण दादा, मोठाच कागद भरा आणि लगेच धाडा. विम्याचे गृहस्थ सांगत होते की कागद त्यांच्या हाती पडेल त्या दिवसापासूनच हमी लागू होते. त्याआधी काही झाले तर कंपनी बांधील नाही. पितर यात रागावतील असे मला वाटत नाही. जलालचे नाव का, ते दिवाळीत समोर बसून सांगेन. पत्रात लिहिण्यासारखे नाही. तोवर होडी काठावरच राहू द्या.

आपला लोभ आहे तो तसाच राहावा.

आपला,
भगवंत

•

घोडेगाव,
ता. २१ सप्टेंबर

भगवंतभाऊंना जलालचा सलाम.

पत्र दिलशाद लिवतीय, मी सांगतोय. माझा उजवा हात बांधलाय. रविवारी दादांनी व्हडी सोडली. मी म्हनलं, वल्हं मला द्या. त्ये म्हनले, "तुला पोहायला मी शिकवलं, आता तू मला व्हडी शिकवनार का?" मग मी गुमान फुडं बसलो. डाव्या अंगाला धोंडा आला. मी वरडलो, पर दादांना त्यो दिसलाच न्हाई. फळी फुटंल म्हनून मी मधी हात घातला. दोन बोटं चेचली. डाक्टर म्हनले, बोटं ऱ्हातील, पर पैल्यावानी मिटायची न्हाईत.

दादांना बोल लावू नका. त्यांनी कागद धाडला नव्हता, ह्ये मला ठावं हाय. लई मानी मानूस, पर मनात काळं न्हाई. त्यांच्या डोळ्याचं मी तुमाला सांगितलं, त्ये तर त्यांना अजाबात कळू देऊ नका.

जलाल

(काका, हे मी माझ्या मनाने लिहिते. अब्बा डाव्या हाताने घास घेत नाहीत. अम्मी भरवते. अजून दोनच दिवस झालेत, पण दुकानात जाऊन नुसते करवतीकडे बघत बसतात. दिलशाद.)

•

पुणे,
ता. २३ सप्टेंबर

ती. दादांस सा. न. वि. वि.

रविवारी झालेले तुम्ही मला कळवले नाहीत. जलालचे पत्र सोबत जोडले आहे. त्याने नको म्हटले होते, पण आता आणखी झाकून ठेवणे मला जमत नाही.

वैशाखात होडी आली त्याच दिवशी त्याने मला बाजूला घेऊन सांगितले, की दादांना डाव्या डोळ्याने दिसत नाही. म्हणाला, त्यांना नको म्हणू नका, नुसते कागदावर माझे नाव घाला, म्हणजे वल्हे आपोआप माझ्याकडे राहील आणि त्यांचा मानही राहील.

अजून एक वाट आहे. मोठा कागद भरा आणि त्यावर तारीख चौदा घाला. टपालात उशीर झाला असे मी इथे त्या गृहस्थांना सांगेन, म्हणजे ते हमी मागच्या तारखेपासून धरतील. जलालच्या बोटांसाठी एवढे तरी करू.

भगवंत

•

शिनोली,
ता. २५ सप्टेंबर

चि. भगवंत यास आशीर्वाद. वि. वि.

डाव्या डोळ्यापुढे धुके आहे, हे मला दोन वर्षे ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाला ठाऊक नसावे, एवढीच इच्छा होती. पितृपक्षाचे तर निमित्त होते. वडील असते तर त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडून कागद भरून घेतला असता. मला जलालचे नाव माझ्या हाताने लिहायचे नव्हते. तू त्याला जवळचा मानलेस हे मला सोसले नाही. रोज पूजेला बसतो, पण हे देवापुढेही कधी बोललो नव्हतो.

काल घोडेगावला गेलो. जलालची बायको जैबुन्निसा त्याला भाकरीचा घास भरवत होती. मला पाहून तो म्हणाला, "दादा, फळी वाचली. बघितली का?" मी उंबऱ्यातच बसलो. दुकानात सागाचा ओंडका अर्धा चिरून पडला होता. मोठ्या करवतीला दोन माणसे लागतात. एक टोक त्याने डाव्या हाताने धरले, दुसरे मी धरले. मी जोराने ओढत होतो. तो म्हणाला, ओढू नका, नुसती येऊ द्या. तासाभराने जमले. त्याची बोटे वळेपर्यंत रोज सकाळी पूजा करून तिकडेच जाणार आहे. मजुरीचे नाव त्याने काढले, तेव्हा मी रागावलो.

तुझी वाट मला नको. पितरांची तिथी एकदा खोट्याला लावली, आता तारीख लावणार नाही. त्यामुळे जलालच्या हाताला कंपनीकडून काही मिळणार नाही, हे त्याला मी स्वतः सांगितले. तो म्हणाला, बरं.

आम्हा दोघांवर सारखाच जीव असू दे. सर्वपित्री उद्या आहे. तेवढाही थांबलो नाही. मोठाच कागद भरला. चालवणाऱ्याच्या जागी जलालचे नाव माझ्या अक्षरात लिहिले, खाली आजची तारीख घातली, आणि आज सकाळी त्याच्या दुकानी जाताना घोडेगावच्या टपालपेटीत टाकला.

तुझा दादा,
कुंडलिक