दारातल्या पाहुण्याची खुर्ची

मी, खाली सही करणारी, झोपेच्या लॅबमध्ये काम करते आणि आज पूर्ण शुद्धीत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मी जरा घाईने लिहितेय, कारण पुढे ते खोटं ठरू शकतं. कुणाचा दबाव नाही. दादा समोर बसलाय, पण तो नुसता रागावलाय.

आमच्या लॅबमध्ये नवीन येणाऱ्याने एक रात्र अंगाला तारा लावून झोपायचं, निरोगी माणसाचा नमुना म्हणून. नाव झाकून नंबर देतात आणि पेशंटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मिसळून आम्हीच तपासतो. स्वप्नात शरीर गप्प पडायला हवं. एका रेकॉर्डिंगमध्ये हातपाय झाडणं चाललं होतं.

"सापडला! याला पुढे मेंदूचा आजार होणार, लावा पैज!" मी ओरडले. सर म्हणाले, "वा, काय सुंदर केस!" आनंदाच्या भरात मी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. नंबर उघडला, तर ती मीच.

तर:

१. बँकेत असेल ते भाचीला. तिने काहीही शिकावं. आईची निळी खुर्चीही तिचीच, पण राहील दादाच्या घरी. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे, त्यामुळे दादा, तुला ठेंगा.

२. सरांना काही नाही. नंतर सॉरी म्हणाले, पण ते "सुंदर" माझ्या कानातून जात नाही.

३. माझा मेंदू लॅबला. झोप कशी बिघडली ते रेकॉर्डिंगमध्ये आहे; आत काय बिघडलं ते मेंदूतच दिसेल. एकाच माणसाचं दोन्ही क्वचित मिळतं. आईलाही हाच आजार होता. तिच्या वेळी मी तिचा मेंदू द्यायचं म्हटलं, तर दादा म्हणाला, "आता तरी तिला निवांत झोपू दे." मी वर्षभर अबोला धरला. आजही म्हणतो, "तुझं डोकं फिरलंय." अरे, अजून नाही, म्हणून तर लिहितेय!

४. आईला शेवटी दारात एक माणूस दिसायचा. "अगं, पाहुणे ताटकळलेत, खुर्ची दे." मी तिला मेंदू समजावत बसायचे, ती रडायची. दादा दारात निळी खुर्ची ठेवायचा. "बसा, काका." आई शांत व्हायची.

परवा दुपारी लॅबमध्ये माझा डोळा लागला. मैत्रीण सांगते, मी झोपेत म्हणाले, "त्यांना खुर्ची द्या."

म्हणून, उद्या मी हा कागद फाडायला सांगितला, तर आधी विचारा, दारात कोण आहे? "कोणी नाही" म्हणाले तर ऐका, ती मीच. कोणी आहे म्हणाले, तर कागद ठेवून द्या आणि खुर्ची आणा. वाद घालू नका.

सही करायला पेन उचललं, तेवढ्यात दादाने विचारलं, "दारात कोण आहे?"

मी वळून नीट पाहिलं. "कोणी नाही."

"मग कर सही."

ठिकाण: दादाचं स्वयंपाकघर
दिनांक: आजचा रविवार, भर दुपार
सही: (धाकटी)

साक्षीदार पहिली: लॅबमधली मैत्रीण. झोपेतलं ते वाक्य मी ऐकलंय. (सही)

साक्षीदार दुसरा: मोठा भाऊ. कलम तीन पटलेलं नाही, पण आडवा येणार नाही. खुर्ची मी ठेवीन. (सही)