उलटी गेलेली वीज

ला सेइबिता, बानी
१६ मे १९९७

प्रिय रादामेस,

तू, मिरेया वहिनी आणि पोरी खुशाल असाल असं धरून चालतो. न्यूयॉर्कची थंडी एव्हाना सरली असेल. बेल्किस उद्याच्या विमानाने तिकडे येतेय, तिच्या हाती हे पत्र देतोय. फोन केला असता, पण फोन पापांच्या खोलीत आणि पापा फोनला चिकटलेले, हे तुला सांगायला नको.

मोठी बातमी म्हणजे आपलं वीज उपकेंद्र नवं झालं. तो जुना कण्हणारा ट्रान्सफॉर्मर गेला, दुप्पट ताकदीचा आला. लाइट जातच नाही. लोकांना करमेनासं झालंय. शेजारची कॉन्सुएलो अजून तिन्हीसांजेला मेणबत्ती काढून ठेवते आणि मला म्हणते, "एलिसेओ, असं किती दिवस चालायचं रे? बिघडवा की काहीतरी!" लाइट आली की सगळी गल्ली ओरडायची, ते ओरडणंही आता बंद पडलं.

हात बरा आहे. पापांनी "थोडं भाजलंय" असं सांगितलं असेल. थोडं नाही. डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. खांबावर आता चढता येणार नाही, कंपनी म्हणते उपकेंद्रात बसून काम कर. बघू.

अपघात झाला त्या रविवारी गावाची वीज बंद ठेवली होती. उपकेंद्रात नव्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी चालली होती आणि मी आपल्या गल्लीच्या टोकाला जुनी तार बदलत होतो. चढण्याआधी तपासली, तार मेलेली. नियमाने ती जमिनीशी जोडून ठेवायची असते, पण ते सामान उपकेंद्रात अडकलं होतं. मुकादम म्हणाला, "अरे, सगळं गाव बंद आहे, वीज काय आभाळातून पडणार?" आभाळातून नाही, ती कुणाच्यातरी घरातून आली. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. जनरेटर चालू करायचा आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायची. मेन स्विच आधी पाडला तर ठीक, नाहीतर तीच वीज उलटी रस्त्यावर जाते आणि खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होऊन तारेत शिरते.

गावाने निकाल देऊन टाकलाय. गुन्हेगार कोण, तर कोपऱ्यावरचा दुकानदार तुलिओ. बर्फाच्या पेटीसाठी त्याने मोठा जनरेटर ठेवलाय, त्या दिवशी त्याचीच घरघर सगळ्यांनी ऐकली. तो बिचारा भेटेल त्याला ओढून नेतो, घरची वायर रस्त्याच्या वायरपासून तोडणारा स्विच दाखवतो. पण बघतंय कोण! पापा तर सगळ्यांच्या पुढे. "तुल्याच्या दुकानातलं मीठसुद्धा माझ्या घरात येणार नाही! माझ्या पोराची बोटं खाल्ली त्यानं!" परवा कुणीतरी त्याच्या दुकानाची काच फोडली. तो दुकान विकून बहिणीकडे आसुआला जायचं म्हणतोय.

आता जे लिहायला बसलोय आणि टाळतोय, ते लिहितो.

इस्पितळात पापा मला चमच्याने भात भरवत होते. म्हणाले, "रादामेसनं पाठवलेला जनरेटरही नालायकच निघाला. मॅच सुरू होत होती म्हणून घाईनं वायर खुपसली, तर एकदा गुरगुरला आणि मेला. तेवढ्यात बाहेर बोंब, एलिसेओ पडला!"

मी विचारलं, "पापा, मेन पाडला होता?"

"अरे, सांगतोय काय, मॅच सुरू होत होती!" असं म्हणून त्यांनी पुढचा घास माझ्या तोंडात घातला.

त्यांना अजून कळलेलं नाही. सगळ्या गल्लीचा भार अंगावर आल्यावर तो इवलासा जनरेटर घुसमटून बंद पडला, पण त्याआधी मला गाठून गेला. रादामेस, पापांवर माझा राग नाही, देवाशप्पथ नाही. पण तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दारातून फाटकाशी, फाटकातून दाराशी. ओनेइदा म्हणते, "डॉक्टरांनी हाताला विश्रांती सांगितलीय, पायांना काय झालंय?" बायको असून तिलाही मी सांगितलेलं नाही. हे कळलं तर पापा जगायचे नाहीत, या भीतीने गप्प होतो.

काल तुलिओ आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. म्हणाला, "एलिसेओ, तू बोललास तर लोक ऐकतील. खांबावर तू होतास." मी म्हटलं, हात दुखतोय, मग बोलू. "बरं बाबा, जप," म्हणाला आणि गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात. मला माझीच किळस आली.

म्हणून रविवारी, चर्चमधून परतल्यावर, पापांना सांगणार आहे. मग आम्ही दोघं तुलिओकडे जाऊ. ते आले नाहीत तर मी एकटा जाईन.

पापा पहिला फोन तुलाच करतील. कुठेही जाऊ नकोस त्या दिवशी. "जनरेटर मी पाठवला, चूक माझी," असलं काही बोलून त्यांना पळवाट देऊ नकोस. बहुतेक ते काही बोलणारच नाहीत, नुसता श्वास ऐकू येईल. कितीही वेळ जाऊ दे, तू फोन ठेवू नकोस.

तुझा, आणि त्यांचाही,
एलिसेओ