मुक्यांच्या वाडीची सोयरीक

सोम., १२ जाने.
अभि जेवता जेवता म्हणाला, मुलगी पसंत केलीय. त्याच्याच ऑफिसातली, तेजश्री. गाव आंबेधोंड. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आंबेधोंड म्हणजे मुक्यांची वाडी, पार घाटाच्या कडेला. लहानपणी हट्ट केला की आई म्हणायची, गप बस, न्हायतर मुक्यांच्या वाडीला देईन तुला. तिथं आपसातच लग्नं करतात आणि पोरं मुकी जन्मतात, हे अख्ख्या मंगळवार पेठेला ठाऊक आहे. अभि हसला. "आई, ती मुकी न्हाय. उलट गप म्हणून बसत न्हाय." ह्यांनी आमटी मागितली. बापाचं मत एवढंच.

मंगळ., १३
उचगावला दादाच्या घरी काय सांगू? त्याची ऋतू आपल्याकडंच येणार, असं सगळे धरून चाललेत. मीसुद्धा. भाची आहे, डोळ्यांसमोर वाढली, स्वभाव माहीत, घरचं रक्त. मी नाही का आत्याच्या घरात सून म्हणून आले? सख्खा आतेभाऊ केला, संसार झालाच की.

गुरु., १५
शाळेत स्टाफरूममध्ये विषय काढला, 'ओळखीतलं एक स्थळ' म्हणून. एकीनं सांगितलं, अंधार पडला की त्या गावात एसटी थांबत नाही. दुसरीच्या मावसजावेनं एका घरात चार मुकी पाहिलीत. शिपाईमामा म्हणाले, ती माणसं पावण्याला पाणीबी इचारत न्हाईत. स्वतः गेलेलं कोणीच नाही, हे घरी आल्यावर डोक्यात आलं. तरी जीव थाऱ्यावर नाही. रविवारी जायचं ठरलंय.

रवि., १८
जाऊन आलो. डोकं भणभणतंय.
पाणी इचारत न्हाईत म्हणे! चार घरी चहा झाला. बोलून बोलून कान किटवले. मुका एकच, एक म्हातारा, लहानपणी तापात वाचा गेलेला. गाव त्याच्याशी खुणांनी बोलतं, चिल्लीपिल्लीसुद्धा. मी मात्र दिसेल त्या पोराकडं बघत होते, हाक मारली की वळतंय का. लाज वाटत होती, तरी बघत होते.

मग तेजश्रीच्या आईला आडवळणानं विचारलं, गावातल्या गावात सोयरिकी होतात का? बाई निपाणीकडची, आवाज खणखणीत.
"गावातल्या गावात? सगळं गाव एका भावकीचं हाय ताई. भावाभणींची लग्नं लावू व्हय? एकूण एक सून भायेरची. मीबी भायेरचीच."
एका भावकीच्या गावात आपसात लग्नं होणार कशी? मराठ्याच्या घरात जन्मून एवढं साधं मला कधी सुचलं नाही. आईलाही नाही.

बाई थांबली नाही. "आता आमचं इचारतो. तुमी नवराबायको आते-मामेभावंडं, अभिजित बोललेत. तुमच्या सासूबाईबी आतेभावालाच दिलेल्या म्हनं. रक्त लय जवळ आलंय की वो. आमाला मुक्यांची वाडी म्हनत्यात न्हवं, तवा आमी बघूनच करतो."
ह्यांनी बशीतला चहा फुंकायला घेतला. चहा केव्हाच निवला होता.

सोम., १९
संताप, संताप. मुलाकडचे आम्ही, आणि तपासणी आमची! ह्यांना म्हटलं, मोडून टाका. तर म्हणाले, "चुकीचं काय विचारलं तिनं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मत दिलं, तेही त्यांच्या बाजूचं.
अभि आणि ती मुलगी दोघंही एका डॉक्टरीणबाईंकडं जाऊन रक्त तपासून घेणार. बाईंनी दोन्ही घरांतल्या आजारपणांची माहिती मागितलीय. अभि म्हणाला, आपल्याकडं काही नाहीच की. मी हं म्हटलं.

शुक्र., २३
दादाचा फोन. वहिनीनं नृसिंहवाडीहून आणलेली कवठाची बर्फी पाठवतोय, आणि ऋतूचं कवा बोलायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "रक्त लय जवळ आलंय दादा." त्या बाईचेच शब्द. "मग तुझ्या टायमाला न्हवतं व्हय जवळ?" म्हणाला नि फोन ठेवला. बर्फी आली नाही.
संध्याकाळी ऋतूचा मेसेज. आत्या, बरं झालं. मलापण नको होतं, अभिदादा म्हणत मोठी झाले. कुणी तिला विचारलंच नव्हतं. मीही.

रवि., २५
आज तेजश्रीच्या आईचा फोन. आवाज नेहमीपेक्षा खाली.
"ताई, पोरं उद्या डॉक्टरकडं चाललीत. एक इचारू? राग मानू नगा. तुमच्यात ल्हानपनी गेलेलं लेकरू कुनी?"
ह्यांना विचारून सांगते म्हटलं आणि ठेवला.
ह्यांना काय विचारायचं? मांडीवर तर माझ्याच होती. अभिच्या आधीची. मान धरलीच नाही तिनं. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाली नजर लागली, आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं, कारण मग पुढं काही बोलायला लागत नव्हतं. सांगावं तर सोयरीक मोडेल. न सांगावं तर, तेजश्रीच्या मांडीवर उद्या
अभि बाहेर गाडी पुसतोय. आधी त्याला सांगायला हवं. त्याला बहीण होती हेच त्याला माहीत नाही. बारसं केलं होतं आम्ही तिचं. अश्विनी.