हरणीची बारी

प्रिय सोनल,

पत्राची सुरुवात प्रिय म्हणून करतात एवढं चौथीपर्यंत शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. लगेच हुरळून जाऊ नकोस. फोन करणार होते, पण फोनवर मी बोलले की भांडल्यासारखं वाटतं आणि तू ठेवून देतेस. हा कागद फाडायचा असेल तर वाचून फाड.

घर आहे तिथंच आहे. पुढच्या खोल्यांतले भाडेकरू बदलले. आता ओडिशाकडची पोरं आहेत. शिफ्ट करून येतात, दार लावून झोपतात. त्यांना माझी भाषा कळत नाही, मला त्यांची. दिवसभर तोंड उघडायला कोणी नाही म्हणून मी कोंबड्यांना शिव्या देते. तू होतीस तेव्हा निदान उलट उत्तर तरी यायचं. तुझा नवरा गोरक्ष आहे, पण असून नसल्यासारखा. उभं राहवत नाही म्हणून कंपनीनं त्याला लायनीवरून काढून स्टोअरात बसवलंय. येतो, जेवतो, आपलं ताट आपण धुतो. आधीच धुतलं असतंस तर हात झिजले असते का, असं मी म्हणाले, तर हसलासुद्धा नाही.

तू का गेलीस ते मला कोणी सांगायला नको. थेरगावात, शहराकडं वाढलेली तू. लग्न होऊन इकडं आलीस तेव्हा बैलगाड्याच्या शर्यतीत घोडी कशाला, हे तुला मीच सांगितलं होतं. बैल घोडीच्या मागं पळतात म्हणून पुढं घोडी, तिच्यावर माणूस, आणि त्या माणसानं मागं वळून बघायचं नाही. तू म्हणाली होतीस, हे येड्याचं काम आहे. आहेच. गेल्या चैत्रात शर्यतीच्या घाटात, चढाच्या वरच्या टोकाला आपली घोडी हरणी गोरक्षला घेऊन घसरली, मागचे बैल अंगावर आले आणि मांडी मोडलेल्या गोरक्षला चौघांनी उचलून आणला. तेव्हापासून त्याचं हागणं-मुतणं तू काढलंस, मला वाकवत नव्हतं. आणि काठीवर पहिल्यांदा उभा राहिला त्या सकाळी तू दारात हात पुढं करून उभी, तर हा तुझ्या बगलेखालून गोठ्यात गेला आणि घोडीच्या गळ्यात पडला. मी ओट्यावर होते. तुझं तोंड मी पाहिलं. संध्याकाळी तू म्हणालीस, परत त्या घोडीवर बसलास तर मी ह्या घरात राहणार नाही. पण गेलीस ती सकाळच्या त्या रिकाम्या हातासाठी. त्या गाढवाला वाटतं तू घोडीवर रुसलीस.

तू गेल्यावर घोडी आणि तो, दोघं बरे व्हायला लागले, म्हणजे लंगडायला लागले. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, पुढच्या पायाची शीर गेलीय, घोडी आता पळायची नाही. गोरक्षच्या डॉक्टरनं त्याला तेच सांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही. शेत राहिलं नाही, तर फिरवायची कुठं? कंपनीच्या भिंतीकडेनं, कंटेनर जातात त्या रस्त्यानं तो तिला चालवायचा. हा डाव्या पायानं लंगडा, ती उजव्या. बबनराव टपरीवरून ओरडायचा, “गोरख्या, तुमी दोघं मिळून एक धड जनावर हाय रं.” लोक हसायचे. गोरक्षपण हसायचा, मग घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा.

पुढं सनीनं अक्कल पाजळली. सनी म्हणजे माझ्या दिराचा नातू, तुमच्या लग्नात नाचताना ज्याची पँट फाटली तो. म्हणाला, घोडीला गर्दीची सवय मोडायला नको, आणि गोरक्ष व्यायामाला दवाखान्यात जायचा तेवढ्यात तिला काळेवाडीच्या वरातींना नेऊ लागला. चालून चालून पाय मोकळा झाला, हे खरं. पण वरातीतली घोडी वाजंत्री वाजलं की उभी राहते, पोरांचं नाचून होईस्तोवर. हरणीनं ते झटक्यात उचललं. आणि घाटात तर हलगी वाजतानाच सुटायचं असतं. सरावाला पहिल्यांदा हलगी वाजवली तर ही गपकन उभी, नवरदेव पाठीवर असल्यासारखी. मागं बैल असते तर दोघांचा चेंदा झाला असता. सनीला मी काय काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मग रोज संध्याकाळी मी पत्र्याचा डबा घेऊन भिंतीशी बसायची. मी डबा बडवायची, गोरक्ष टाच मारायचा. कधी निघायची, कधी नाही. कंपनीच्या वॉचमननं विचारलं, आजी, हे काय चाललंय. मी म्हटलं, नातवाची वरात हाय, नवरी तेवढी पळून गेलीय. गोरक्षनं ते ऐकलं. त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला सरळ विचारलं, मरायला परत कशाला बसतोस? तो म्हणाला, “खाटेवर होतो तेव्हा येईल तो मला बिचारा म्हणायचा. एकटी सोनल म्हणायची, ऊठ. आता उठून दाखवायचं तर मला दुसरं येतंय काय?” मी म्हटलं, मग हे तिला सांग की. तर मान खाली घालून घोडीला खरारा करत बसला. नातू माझा, पण जीभ कोणाची घेतली देव जाणे.

जत्रेतल्या शर्यतीत आपली पाळी आली, त्या बारीचं मी काही लिहीत नाही. बारीनंतरचं लिहिते, कारण ते कोणालाच ठाऊक नाही. नंबरात आले नाहीत, पण दोघं वरपर्यंत धड पोचले. लोकांनी गुलाल टाकला, माईकवाल्यानं नाव पुकारलं, आणि हा घोडीवर ताठ बसून हात हलवत राहिला. सगळ्यांना वाटलं, याला मिजास चढली, खाली उतरत नाही. त्याला उतरता येत नव्हतं. मांडी आखडून लाकूड झाली होती. घोडी देवळामागं नेऊन उभी केली आणि कोणी जवळ आलं की म्हणायचा, घोडीला दम खाऊ देतोय. माणसं पांगल्यावर हरणीला टेम्पोच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्याला भिडवली आणि पोत्यासारखा फाळक्यावर घसरला. तसाच आडवा पडून राहिला. मी पाय चोळायला गेले तर पाय ओढून घेतला. तू चोळायचीस तेव्हा ओढत नव्हता. मग म्हणाला, “एवढी माणसं होती आजी, पण आपलं कोणी नव्हतं.” मी तिथंच बसले होते, धोंड्यासारखी. मी वाईट वाटून घेतलं नाही. आपलं म्हणजे कोण, एवढं मला कळतं.

आता हे सगळं तुला का लिहिते ते सांगते. तू आली होतीस. रसवंतीच्या गाड्याआड, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. तोंड झाकलंस, चाल कुठं झाकशील? बारीचं लिहिलं नाही, कारण मी ती बघितलीच नाही, मी तुला बघत होते. हलगी वाजली आणि घाट एकदम गप झाला, तेव्हा तू शेजारच्या अनोळखी बाईचा दंड गच्च धरलास, त्यावरून मला कळलं की हरणी थांबली. मग तू तो सोडलास, तेव्हा कळलं की सुटली. पुढं तो हात हलवताना दिसला आणि तू बसकडं चालू लागलीस. वाटलं असेल, याचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. म्हणून ते फाळक्याचं लिहिलं. तू आली होतीस हे मी त्याला सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग. नसेल सांगायचं तर मीही सांगणार नाही. गप्प बसायची सवय आता मला चांगली लागली आहे.

रागावलीस तरी तुझीच,
आजी
(छबूबाई)